राज्य असतानाचे आणि राज्य गेल्यावरचे

आमच्या घरात काळ मोजण्याची एक स्वतंत्र पद्धत होती. कुणाच्या लग्नाची, मुंजीची किंवा माजघराच्या दुरुस्तीची आठवण निघाली की आत्या हातातले काम थांबवून विचारायची, "हे राज्य असतानाचं की राज्य गेल्यावरचं?" मग आजोबा थोडा विचार करून सांगत, "राज्य असतानाचं. तेव्हा मी कोठीच्या कचेरीत होतो." साल कुणी सांगत नसे आणि कुणाला त्याची गरजही भासत नसे. लहानपणी माझी अशी समजूत होती की राज्य गेले म्हणजे इंग्रज गेले, आणि म्हणून या शब्दांबरोबर आजोबांचा आवाज खाली का उतरतो याचे मला कोडे पडे. पुढे कळले की आमच्या घराची कालगणना १५ ऑगस्ट १९४७ पासून सुरू होत नव्हती. ती १ मे १९४९ पासून सुरू होत होती, कारण त्या दिवशी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

मी बडोद्यातल्या एका शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकवला. विसावे शतक शिकवताना दोन महायुद्धे, रशियन क्रांती, हिरोशिमा, फाळणी, चंद्रावर उतरलेला माणूस आणि बर्लिनची कोसळलेली भिंत या सर्व घटना मी मनापासून शिकवल्या, कारण त्या मुलांना ठाऊक असायलाच हव्यात. परंतु ज्या घटनेने माझ्या वर्गातल्या निम्म्या मराठी मुलांच्या घरांची दिशा बदलली, ती पाठ्यपुस्तकात एका वाक्यात, बहुधा सरदार पटेलांनी विलीन केलेल्या संस्थानांच्या यादीत एका नावापुरती येत असे. ती यादी वाचून दाखवताना दरवेळी मला आजोबांचा उतरलेला आवाज ऐकू येई. ज्यांनी तो दिवस जाणत्या वयात पाहिला ती पिढी आता जवळजवळ संपली आहे, आणि म्हणून मी ऐकलेले आणि वाचलेले एकत्र करून येथे लिहून ठेवत आहे.

बडोदे संस्थान नकाशावर सलग नव्हते, हे आजच्या मुलांना प्रथम सांगावे लागते. बडोदे, नवसारी, मेहसाणा आणि अमरेली असे त्याचे मुख्य जिल्हे एकमेकांपासून तुटलेले होते, आणि पश्चिमेच्या टोकाला द्वारकेचा ओखामंडळ भागही गायकवाडांकडेच होता. सुमारे आठ हजार चौरस मैलांचा मुलूख आणि १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे साडेअठ्ठावीस लाखांची वस्ती असलेल्या या संस्थानाला एकवीस तोफांच्या सलामीचा मान होता, आणि असा मान संपूर्ण हिंदुस्थानात केवळ पाच संस्थानांना होता. राजघराणे मराठी असले तरी प्रजा बहुतांशी गुजराती होती, आणि महाराज सयाजीराव गायकवाड यांनी राज्यकारभाराची भाषा गुजराती ठेवली. राज्यकर्त्याची मातृभाषा एक आणि दप्तराची भाषा दुसरी असे ठरवणे सोपे नसते. कोकणातून आणि देशावरून गायकवाडांच्या मागोमाग आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांनी म्हणूनच घरात मराठी आणि कचेरीत गुजराती अशी सवय लावून घेतली. रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात ती अजूनही टिकून आहे.

विलीनीकरणाची हकीकत सांगताना घरातील ज्येष्ठ मंडळी ती एखाद्या अकस्मात आघातासारखी सांगत. पण कागदपत्रांतून दिसणारा क्रम तसा नाही. घटना समितीत सामील व्हावे की नाही याबद्दल बहुतेक संस्थानिक चाचपडत असताना बडोद्याने आधीच निर्णय घेतला होता, आणि २८ एप्रिल १९४७ रोजी ज्या मोजक्या संस्थानांचे प्रतिनिधी घटना समितीत जाऊन बसले त्यांत दिवाण सर ब्रजेंद्रलाल मित्र बडोद्यातर्फे होते. स्वतंत्र भारतात येण्याविषयी बडोद्याने खळखळ केली नाही. पुढचा पेच निराळा होता. सयाजीराव महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निवर्तले आणि त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्यांचा खर्च, १९४३ मध्ये सीतादेवींशी झालेला त्यांचा दुसरा विवाह आणि संस्थानच्या तिजोरीतून काढलेल्या मोठमोठ्या रकमा यांमुळे प्रजामंडळ आणि राजवाडा यांच्यात अंतर वाढत गेले. १९४८ च्या सप्टेंबरात डॉ. जीवराज मेहता यांच्या हाती कारभार आला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच विलीनीकरणाचा करार झाला. महाराजांचा सालीना तनखा साडेसव्वीस लाख रुपये ठरला. १९५१ मध्ये केंद्र सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली आणि त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना ती दिली.

आजोबांसमोर यांतले फारसे काही बोलता येत नसे. ते प्रतापसिंहरावांचे समर्थन करत नसत, पण टीकाही ऐकून घेत नसत. पानाचा डबा उघडून ते विषय बदलत. मला वाटते, ज्या गादीची नोकरी केली तिच्यावर बसलेल्या व्यक्तीविषयी वाईट बोलणे त्यांना नमकहरामीचे वाटत असावे.

१ मे १९४९ हा रविवार होता. पंचांग उघडून हे पडताळले तेव्हा मला आत्याने सांगितलेल्या एका गोष्टीचा उलगडा झाला. ती सांगत असे की राज्य गेले त्या दिवशी आजोबा दिवसभर घरीच होते आणि त्यांनी देवघरात नेहमीपेक्षा जास्त वेळ काढला. शाळकरी वयात मला हे वर्णन अतिशयोक्त वाटे. राज्य जाते आणि सरकारी नोकर घरी कसा राहतो, असे मी मनात म्हणत असे. उत्तर इतकेच होते की तो सुटीचा दिवस होता. शनिवारी संध्याकाळी बडोदे सरकारचे नोकर म्हणून कोठीच्या पायऱ्या उतरलेले आजोबा सोमवारी सकाळी मुंबई सरकारचे नोकर म्हणून त्याच पायऱ्या चढले आणि त्याच खुर्चीवर जाऊन बसले. मधला एक रविवार त्यांनी कसा घालवला असेल याचा मी अनेकदा विचार केला आहे. आत्या तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या दिवशी तिने आजोबांना विचारले की आता आपण बडोद्यातच राहणार ना, आणि त्यावर आजोबा म्हणाले, "राहणार, पण आता आपण कुणाचे ते विचारायचं नाही." हे वाक्य आत्याने मला निदान वीस वेळा सांगितले असेल आणि त्यातला एकही शब्द तिने कधी बदलला नाही.

या दुःखामागे केवळ राजनिष्ठा नव्हती, त्यात पोटापाण्याची धास्तीही होती, आणि ती खोटी नव्हती. संस्थानची हुद्द्यांची नावे, वेतनश्रेणी, निवृत्तिवेतनाचे नियम आणि सेवाज्येष्ठता हे सर्व आता मुंबईच्या नियमांत बसवायचे होते. तोपर्यंत बदली म्हणजे फार तर अमरेली किंवा मेहसाणा. पण तेव्हाचा मुंबई प्रांत बनासकाठ्यापासून कारवारपर्यंत पसरलेला होता आणि धारवाड व विजापूरही त्यात होते. आमच्या शेजारच्या एका कारकुनाला विलीनीकरणानंतर वर्षभरात दूरची बदली आली, आणि म्हाताऱ्या आईला सोडून जाता येईना म्हणून त्यांनी नोकरी सोडून शिकवण्या सुरू केल्या. संस्थानची आज्ञापत्रिका बंद झाली. हे राजपत्र दर आठवड्याला वाचणे हा आजोबांच्या पिढीचा नेम होता, आणि नेमणुका, बदल्या, कायदे, निविदा असे सर्व काही त्यातूनच कळत असे. आमच्या माळ्यावर तिचे काही अंक होते. त्यांना वाळवी लागली तेव्हा आजोबांनी ते स्वतः बाहेर काढून जाळले, कुणालाही हात लावू दिला नाही.

राज्याबरोबर काय गेले याची यादी आमच्या घरात सर्वांना पाठ होती. काय गेले नाही, याचा विचार मी शिक्षिका झाल्यावर करू लागले, आणि त्यात मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट १९०६ सालची आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. या कायद्यात मुलींचाही समावेश होता, आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. दंडाची ही तरतूद ऐकून माझे विद्यार्थी नेहमी चकित होत. शेतात आणि घरकामात मुलांचे हात हवे असलेल्या खेड्यांत हा कायदा सुखासुखी स्वीकारला गेला नाही. हजेरीपटावर नाव आहे आणि मूल गुराखी आहे, अशी स्थिती कित्येक ठिकाणी राहिली. तरीही सरकारने एकदा असे ठरवले की मुलाला शिकवणे हे आपले काम आहे, आणि ते ठरवले एका देशी संस्थानाने. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. गोखल्यांचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले, आणि मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देशाच्या कायद्यात येऊन अंमलात यायला २०१० साल उजाडले. बडोद्याच्या कायद्यानंतर एकशे चार वर्षे! हा हिशेब फळ्यावर मांडताना माझ्या हातातला खडू दरवेळी थोडा थांबत असे.

वाचनालयांची कथा याच कायद्याच्या पाठोपाठ येते, कारण शिकलेल्याने काही वाचले नाही तर तो शिकलेले विसरतो, हे महाराजांना कळले होते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले, आपला स्वतःचा ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला आणि खेड्यांसाठी फिरती ग्रंथालये सुरू केली. फिरते ग्रंथालय म्हणजे लाकडी पेटी. पुस्तकांनी भरलेली पेटी गावी जायची, ठरावीक मुदतीनंतर परत यायची आणि तिच्या जागी दुसरी जायची. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत १९३१ मध्ये उभी राहिली. तेथील पुस्तकांचे घोडे पोलादी आहेत आणि मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, जेणेकरून वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोहोचावा. मी प्रथम तेथे गेले तेव्हा त्या काचेवर पाय ठेवायला घाबरले होते, आणि आजोबा म्हणाले होते, "टाक पाय, सरकारी काम आहे, फुटणार नाही." सरकारी कामाविषयी इतक्या विश्वासाने बोललेले वाक्य मी नंतर कुणाच्याही तोंडून ऐकले नाही.

घरात सर्वांत अभिमानाने सांगितली जाणारी घटना मात्र शाळेची किंवा ग्रंथालयाची नव्हती. ती १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराची होती. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यापुढे संस्थानिकांनी एकेक करून मुजरा करायचा होता, आणि निजामानंतर दुसरा मान बडोद्याचा होता. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, हातात छडी घेऊन पुढे गेले, थोडेसे वाकले, आणि मागे सरकत जाण्याचा शिरस्ता मोडून बादशहाकडे पाठ फिरवून चालू लागले. दरबाराचे चित्रीकरण झालेले असल्याने हा प्रसंग नंतर लंडनच्या पडद्यावरही दिसला, आणि तेथील वर्तमानपत्रांनी राजद्रोहाची हाकाटी केली. आमच्याकडे ही गोष्ट "महाराजांनी बादशहाला पाठ दाखवली" अशी एका वाक्यात संपत असे. वर्गात मी तिचा उत्तरार्धही सांगत असे: गदारोळ झाल्यावर सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना दिलगिरीचे पत्र लिहिले, आपल्याकडून घडले ते अनवधानाने घडले असे त्यात कळवले. काही पालकांना मी हे सांगितलेले आवडले नाही. पण ज्या राजाच्या राज्यात रेसिडेंट बसलेला आहे, ज्याच्या आधीचे मल्हारराव १८७५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलेले आहेत, त्याने ते पत्र लिहिले नसते तर पुढच्या अठ्ठावीस वर्षांतल्या शाळा कुणी चालवल्या असत्या? पाठ फिरवणारा आणि पत्र लिहिणारा माणूस एकच होता, आणि मला तो तसाच पूर्ण आवडतो. त्याच दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची आणि वंगभंग रद्द करण्याची घोषणा झाली. आमच्या घरात या दोन्ही गोष्टींचा उल्लेख मी कधी ऐकला नाही.

आणखी एका घटनेचा उल्लेख मी घरात कधी ऐकला नाही, आणि ते मौन मला आजही बोचते. सयाजीरावांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यात आले. त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून दीड रुपया रोज भाड्याने वरच्या मजल्यावरची ओसाड खोली घेतली. रात्री कंदिलाच्या उजेडात वटवाघळांच्या फडफडाटात ते तेथे एकटे असत, ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघायच्या वेळी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक जिन्यात येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची धमकी देऊन गेले. सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. शहरात ओळखीचे दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. आंबेडकरांना घरी ठेवले तर नोकर निघून जातील, असे पहिल्याने सांगितले, आणि दुसऱ्याने आपल्या पत्नीच्या होकाराची सबब पुढे केली. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले आणि ते मुंबईला परतले. ज्या झाडाखाली ते बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

मी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मी नोकरीला लागून काही वर्षे झाली होती. त्या रात्री मी आजोबांच्या वहीतून सालांचा हिशेब मांडला. १९१७ मध्ये आमचे पणजोबा रावपुऱ्यात राहत होते, घरात तीन खोल्या रिकाम्या होत्या आणि एक बिऱ्हाड ठेवायचे म्हणून भाडेकरू शोधणे चालू होते. ते आंबेडकरांना भेटले असण्याचा काही संभव नाही, आणि भेटले असते तर त्यांनी दार उघडले असते असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. परदेशातून शिकून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या, महाराजांनी स्वतः निवडलेल्या तरुणाला मराठी वस्तीने भरलेल्या या शहरात एक खोली मिळू नये, ही गोष्ट संस्थानच्या कोणत्याही कायद्याने घडवलेली नव्हती. कायदे तर उलट दिशेने जात होते; अंत्यजांसाठी शाळा महाराजांनी फार आधी काढल्या होत्या. जे घडले ते आमच्यासारख्यांच्या घरांनी घडवले. आत्याला मी हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "राज्य असतानाचंच ना हे?" त्या प्रश्नात प्रथमच अभिमान नव्हता.

आता त्या शनिवारकडे वळते, कारण त्या दिवशी जे झाले ते माझ्या मते या शहराच्या शतकातील सर्वांत दूरदर्शी कृत्य होते. संस्थानचा शेवटचा दिवस म्हणजे ३० एप्रिल १९४९, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले तेही ३० एप्रिल १९४९ रोजी. १८८१ पासून चालत आलेले बडोदे कॉलेज तोवर मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. राज्य दुसऱ्या दिवशी मुंबईत मिसळणार हे ठाऊक असताना विद्यापीठ मात्र बडोद्याचे राहील अशी व्यवस्था त्या शेवटच्या दिवशी करून ठेवली गेली. सयाजीरावांनी ही इच्छा पुष्कळ आधीपासून बाळगली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी आणि त्यांच्या राज्याच्या अखेरच्या घटकेला पुरी झाली.

या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या, आणि त्यांच्याविषयी लिहिताना मला नेहमी वाटते की बडोद्याने त्यांचे नाव ग्रंथालयाला देऊन आपले कर्तव्य संपवले. बडोद्याचे दिवाण सर मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या आणि डॉ. जीवराज मेहतांच्या पत्नी. घटना समितीच्या त्या सभासद होत्या, आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण करण्याचा मान त्यांना मिळाला. पुढच्या वर्षी त्यांनी जे केले ते मला त्याहून मोठे वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात एलिनॉर रूझवेल्ट यांच्या अध्यक्षतेखाली जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता आणि पहिल्या कलमाची सुरुवात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशा इंग्रजी शब्दांनी होत होती. हंसाबेननी आग्रह धरला की येथे 'सर्व मानव' असेच म्हटले पाहिजे, कारण जुन्या शब्दाचा आधार घेऊन कित्येक देश स्त्रियांना वगळतील. शब्द बदलला, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये स्वीकारलेल्या जाहीरनाम्यात तो बदललेला शब्द आहे. त्यानंतर पाच महिने उलटण्याच्या आत त्याच बाई आमच्या शहरात सहशिक्षणाच्या विद्यापीठाच्या कुलगुरू म्हणून आल्या आणि १९५८ पर्यंत राहिल्या. ललित कलांची विद्याशाखा त्यांच्याच काळात सुरू झाली, आणि इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तेथे शिकवायला आले. आत्या १९५० च्या दशकात या विद्यापीठात शिकली. कुलगुरूपदी एक बाई आहे यात काही विशेष आहे हे तिला तेव्हा जाणवलेच नव्हते, ती म्हणायची, "आम्हांला वाटायचं, कुलगुरू बाईच असते."

मुंबई राज्यातले आमचे दिवस अकरा वर्षांचे ठरले. १९५६ नंतर द्वैभाषिक राज्यात एकीकडे संयुक्त महाराष्ट्राची आणि दुसरीकडे महागुजरातची चळवळ पेटली, आणि बडोद्यातल्या मराठी माणसाची मोठी अवघड स्थिती झाली. दादरच्या काकांची पत्रे हुतात्म्यांच्या बातम्यांनी भरलेली असत, आणि येथे शेजारचे पटेलभाई ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेत झालेल्या गोळीबाराविषयी सांगत. आमच्या घरात दोन्हीकडच्या दुःखाला मान होता, पण कोणत्याही मिरवणुकीत कुणी गेले नाही. १ मे १९६० रोजी मुंबईत महाराष्ट्राचा मंगलकलश आला आणि साबरमतीच्या आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते गुजरात राज्याचे उद्घाटन झाले. तोही रविवारच होता. गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते डॉ. जीवराज मेहता, अमरेलीत जन्मलेले, बडोद्याचा अखेरचा कारभार पाहिलेले. आजोबांनी ही बातमी रेडिओवर ऐकली आणि म्हणाले, "चला, कुणीतरी ओळखीचं आहे." तोपर्यंत ते निवृत्त झाले होते.

नंतरचे बदल आमच्या घराने शांतपणे घेतले. महाराजांच्या प्रेरणेने २० जुलै १९०८ रोजी स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा १९ जुलै १९६९ रोजी राष्ट्रीयीकृत झाली, म्हणजे साठ वर्षे पूर्ण होऊन एकसष्टावे वर्ष संपायला एकच दिवस उरला असताना. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. १९७४ मध्ये शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले. गुजरातीत ते आधीपासून तेच होते, आणि आम्ही घरात बडोदेच म्हणत राहिलो.

आत्या गेल्यानंतर तिची कागदपत्रे लावण्याचे काम माझ्याकडे आले. ती या शहरात जन्मली, येथेच शिकली, येथेच एका शाळेत तिने नोकरी केली आणि येथेच ती गेली. चार दिवसांच्या यात्रेखेरीज तिने बडोदे सोडले नाही. तरीही तिच्या कागदांवरची सरकारे बदलत गेली आहेत. प्राथमिक शाळेचा दाखला बडोदे सरकारच्या विद्याधिकारी कचेरीच्या शिक्क्याचा, शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र मुंबई राज्याचे, पदवी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची आणि निवृत्तिवेतनाचा हुकूम गुजरात सरकारचा. शेवटचे तीन कागद तिने एकत्र करून फायलीत सुतळीने बांधले होते. पहिला दाखला वेगळ्या पाकिटात आहे, आणि त्या पाकिटावर तिच्या अक्षरात पेन्सिलने लिहिले आहे: राज्य असतानाचा.